कुठल्या कलमात बसतं?

आईवडिलांच्या खालोखाल मी कुणाचं देणं लागत असेन, तर ते सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या आमच्या शाखेतल्या मॅनेजरसाहेबांचं. त्यांनी माझ्यासाठी बँकेत कुठे शब्द टाकला नाही की कधी पैशाची मदत केली नाही. त्यांनी मला एक कायदा वाचायला शिकवला, १९४९ चा बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट. पुढच्या नोकरीत जे काही ताठ मानेनं करता आलं, ते त्या वाचनाच्या बळावर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भरती मंडळाची परीक्षा देऊन मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागले. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पोरगी सरकारी नोकरीला लागली, याचाच घरात आनंद. बँक म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडलेला नव्हता. साहेब जत तालुक्यातले. दुष्काळी भागातला माणूस, बोलणं कमी आणि नजर कागदावर. नव्या क्लार्कलाही ते ‘मॅडम’ म्हणत. संध्याकाळी कॅश टॅली झाली, तिजोरीला दोन्ही किल्ल्या लागल्या, की ते खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढत आणि आम्हा दोघा-तिघांना समोर बसवत. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेची तयारी हे निमित्त होतं. कुठलंही प्रकरण निघालं तरी त्यांचा प्रश्न एकच असे, “हे कुठल्या कलमात बसतं?”

पहिलं कलम त्यांनी शिकवलं ते ५ (ब). बँकिंग म्हणजे लोकांकडून ठेवी घेणं; त्या घ्यायच्या कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठी, आणि मागताच किंवा ठरल्याप्रमाणे परत करायच्या. मग कलम ६. बँकेला आणखी काय काय करता येतं याची ‘ए’पासून ‘ओ’पर्यंत यादी. हुंड्या वटवणं, हमी देणं, लोकांचे दागिने-दस्तऐवज सांभाळणं, सरकारचं एजंट म्हणून काम करणं, मृत्युपत्राचा व्यवस्थापक होणं, विश्वस्त होणं. यादी संपली की लगेच पुढचं वाक्य: याखेरीज दुसरा कोणताही धंदा बँकेनं करू नये. साहेबांनी त्या वाक्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती आणि पान उलटताना ते दर वेळी तिथे बोट ठेवत.

“आपली बँक सरकारची आहे, मग तिला जास्त अधिकार असतील ना?” असं मी विचारलं होतं. त्यावर त्यांनी १९७० चा राष्ट्रीयीकरणाचा कायदा काढला. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या. सुप्रीम कोर्टानं १० फेब्रुवारी १९७० ला तो पहिला कायदा रद्द केला, चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला आणि त्यातून हा कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की या नव्या बँकांनी बँकिंग करावं आणि १९४९ च्या कायद्यातल्या कलम ६ मधले इतर धंदे करता येतील. मालक बदलला तरी यादी तीच राहिली. स्टेट बँकेचा १९५५ चा कायदा वेगळा. त्यात काय करावं ते कलम ३३ मध्ये आणि काय करू नये ते ३४ मध्ये, समोरासमोर. “मालक सरकार आहे म्हणून बँकेला वाटेल ते करता येत नाही, मॅडम. संसदेनं दिलंय तेवढंच,” ते म्हणाले.

हे सगळं त्यांना इतकं जिव्हाळ्याचं का होतं, ते मला उशिरा कळलं. त्यांच्या लहानपणी घरची जमीन सावकाराकडे गेली होती. ते एकदाच बोलले त्यावर, आणि लगेच आकड्यांकडे वळले. १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. ती करणाऱ्या गोरवाला समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्यानं काढलेल्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा तेव्हा शंभरात एक रुपयाही नव्हता, ०.९ टक्के. याचं एक कारण कायद्यातच होतं. स्टेट बँकेच्या आधीची इंपीरियल बँक आणि तिच्या आधीच्या इलाखा बँका यांना सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचं कर्ज देता येत नसे आणि जमीन तारण घेता येत नसे. “आता सांगा, हळद किती महिन्यांची?” साहेबांनी विचारलं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद काढायला माघ उजाडतो. आडसाली ऊस तर दीड वर्षाचा. पीक नऊ महिन्यांचं आणि कर्ज सहा महिन्यांचं, हे जमणार कसं? कलमातला तो ‘सहा’ आकडा आणि जतमधली ती गेलेली जमीन यांचा संबंध मी त्या संध्याकाळी जोडला. गोरवाला समितीच्या अहवालातून स्टेट बँक जन्मली आणि पाच वर्षांत ४०० शाखा उघडण्याचं बंधन तिच्यावर कायद्यानंच आलं. अधिकार वाढवायचे तर ते असे, असं साहेबांचं मत होतं.

मग ती हळदीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे देणं काय होतं ते कळायचं नाही.

आमच्या शाखेचं एका अडत्याला दिलेलं गोदाम-तारणावरचं कर्ज थकलं. माल बँकेच्या ताब्यात होता, म्हणजे गोदामाला आमचं कुलूप, किल्ली आमच्या तिजोरीत, आणि दारावर पाटी की आतला माल बँकेकडे तारण आहे. मी साहेबांबरोबर मोजणीला गेले होते. थप्प्या छतापर्यंत. बाजूच्या थप्पीवर चढून एकेका ओळीची पोती मोजायची, मध्येच एखाद्या पोत्यात पोकळ सळई खुपसून हळकुंडं बाहेर काढायची, मोडून बघायची. आतून केशरी-पिवळा रंग आणि टण्णकन आवाज आला की माल चांगला. पिवळी धूळ पापण्यांवर बसायची आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करूनही ती नखांत दिसायची. तो माल उत्तम होता. शिवाय सौद्यात भाव चढायला लागला होता.

शाखेतल्या एकानं सुचवलं, आणि सुचवण्यात त्याचा हेतू वाईट नव्हता: एवढ्यात विकायचं कशाला? माल आपल्याकडेच आहे, दोन महिने थांबू, भाव अजून वाढेल, सगळी थकबाकी निघून वर बँकेला फायदा होईल. साहेबांनी पुस्तक उघडलं. कलम ८. बँकेनं मालाची खरेदी-विक्री किंवा अदलाबदल करू नये. मुख्य अपवाद, आपल्याकडचं तारण विकून वसुली करणं. “आपण हळदीचे व्यापारी नाही. आपण थांबलो आणि भाव पडला, तर नुकसान कुणाच्या ठेवीतून भरायचं?” त्यांनी कर्जदाराला रीतसर नोटीस दिली. १८७२ च्या करार कायद्यात तारण विकण्याआधी वाजवी सूचना देण्याचं बंधन आहे, ते त्यांनी अक्षरशः पाळलं. मग उघड सौद्यात माल काढला. कर्ज, व्याज, खर्च वजा जाऊन जी रक्कम उरली, ती त्यांनी त्या अडत्याला बोलावून, सही घेऊन त्याच्या हातात दिली. कायद्यानं ती त्याचीच होती. तो माणूस रडला. आपलं काही उरेल, असं त्याला वाटलंच नव्हतं. जो कायदा बँकेला बांधून ठेवत होता, तोच कर्जदाराच्या पाठीशी उभा होता, हे मी काउंटरच्या अलीकडून डोळ्यांनी पाहिलं.

पुढे मी ऑफिसरची परीक्षा दिली. बदलीची नोकरी, दोन लहान मुलं, सासरची नाराजी. साहेब घरी आले, माझ्या सासूबाईंसमोर बसले, चहा घेतला. “वहिनी, ही कायदा नीट वाचते. अशी माणसं खुर्चीत पाहिजेत,” एवढंच म्हणाले. सासूबाईंनी मान डोलवली. माझी बदली साताऱ्याला झाली. निवृत्तीनंतर साहेबही तिथेच स्थायिक झाले, आणि म्हणून २००६ चा सप्टेंबर मला त्यांच्याबरोबर पाहता आला.

२ सप्टेंबर २००६, शनिवार, गणपती बसलेले. युनायटेड वेस्टर्न बँकेवर केंद्र सरकारनं स्थगिती आणली. खात्यातून काढायला दहा हजारांची मर्यादा. साताऱ्याबाहेरच्या माणसाला हे काय होतं ते कळणं कठीण आहे. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९३६ मध्ये काढलेली ही बँक. पोवई नाक्याजवळ, शिवाजी सर्कलला तिचं मुख्य कार्यालय. शिक्षकांचे पगार, पेन्शनी, लग्नाच्या ठेवी, सगळं तिथे. १९६९ ला ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या बँकाच राष्ट्रीयीकृत झाल्या, ही त्या रेषेच्या खाली राहिली, सांगली बँकेसारखीच.

साहेबांचं खातं त्या बँकेत नव्हतं. तरी आरतीच्या आधी तासभर ते आमच्या पेठेतल्या मंडपाशेजारी खुर्ची टाकून बसत, मांडीवर तेच खाकी कव्हराचं पुस्तक. लोक विचारत, बँक बुडाली का? लाखाच्या वरचे पैसे गेले का? तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एक लाखाची होती आणि पेठेत तोच आकडा फिरत होता. साहेब कलम ४५ काढून दाखवत. स्थगिती फार तर सहा महिन्यांची असते, इथे तीनच महिन्यांची दिलीय. त्या काळात रिझर्व्ह बँक विलीनीकरणाची योजना तयार करते, सरकार मंजूर करतं. योजना झाली की ठेवी नव्या बँकेच्या अंगावर जातात. कर्मचाऱ्यांचे पगार कमी होणार नाहीत, हेही त्याच कलमात आहे. “बँक बंद केली नाही, धरून ठेवलीय,” ते सांगत. होईलच असं आश्वासन त्यांनी कुणाला दिलं नाही. कायद्यात जेवढं आहे तेवढंच वाचून दाखवलं, आणि लोक तेवढ्यानंही थोडे निवळून आरतीला उभे राहिले.

अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभरात बातमी आली. आयडीबीआय. दसरा २ ऑक्टोबरला होता, आणि ३ तारखेपासून युनायटेड वेस्टर्नच्या शाखा आयडीबीआयच्या झाल्या, भागधारकांना शेअरमागे २८ रुपये. स्थगितीचा महिना जेमतेम भरला होता.

मला तेव्हा एकच खटकत होतं, आणि ते मी साहेबांना विचारलं. आयडीबीआय तर उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जं देणारी संस्था. १९६४ च्या कायद्यानं जन्मलेली, आधी रिझर्व्ह बँकेची, १९७६ पासून सरकारची. ती माझ्या शेजारणीचं बचत खातं कसं चालवणार? त्यांचा चेहरा असा उजळला की जणू याच प्रश्नाची ते वाट पाहत होते. १९६४ च्या कायद्यात चालू खातं, बचत खातं असं काही नव्हतं. २००३ मध्ये संसदेनं तो कायदाच रद्द केला, संस्थेची कंपनी केली, आणि तिला वेगळ्या परवान्याशिवाय बँकिंग करायची मुभा दिली. १ ऑक्टोबर २००४ पासून ती बँक झाली. निम्म्याहून जास्त मालकी तेव्हा केंद्र सरकारची. “तीन वर्षांपूर्वी ते कलम लिहिलं गेलं नसतं, तर आज ती साताऱ्याला उभी राहू शकली नसती,” साहेब म्हणाले. दिल्लीत कुणीतरी नीट विचार करून लिहिलेलं वाक्य तीन वर्षांनी साताऱ्याच्या पेन्शनरांच्या कामी येतं, याचं त्यांना मनापासून अप्रूप होतं. मलाही तेव्हापासून आहे.

सांगली बँकेची वाट निराळी झाली. १९१६ ची ती बँक, एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. तिथे कलम ४४ अ: दोन्हीकडच्या भागधारकांनी ठरवायचं, रिझर्व्ह बँकेनं मान्यता द्यायची. सांगलीच्या ९२५ शेअरांना त्यांचे १००. माझ्या माहेरची बँक गेली याचं मला वाईट वाटलं. दोन शेजारच्या जिल्ह्यांच्या दोन बँका वर्षभराच्या आत दोन वेगळ्या कलमांनी संपल्या.

चिरमुल्यांच्या नावाची आणखी एक कडी साहेबांनीच जोडून दाखवली. अण्णासाहेबांनी बँकेच्याही आधी, १९१३ मध्ये, साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ ही विमा कंपनी काढली होती. १९५६ ला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ती आयुर्विमा महामंडळात गेली. जानेवारी २०१९ मध्ये महामंडळानं आयडीबीआयचे ५१ टक्के शेअर घेतले. म्हणजे एका माणसानं साताऱ्यात लावलेली विमा कंपनी आणि बँक, वेगवेगळ्या कायद्यांच्या वाटेनं जाऊन शतकानंतर एका छताखाली आली. त्यात रिझर्व्ह बँकेनं आयडीबीआयला खासगी बँकांच्या वर्गात टाकलं, आणि साहेबांना ते रुचलं नाही. सरकारी मालकीचं शेपूट एवढ्या सहज तुटावं, हे त्यांना पटत नव्हतं. त्या वेळी त्यांची तब्येत उतरली होती, पण वर्तमानपत्राचं ते पान त्यांनी मला घडी करून दिलं.

साहेब आता नाहीत. खाकी कव्हराचं पुस्तक त्यांच्या मुलानं मला आणून दिलं. मीही निवृत्त झाले. पेठेतल्या बचत गटाच्या बायका महिन्यातून एकदा आमच्याकडे जमतात, आणि मी त्यांना सगळ्यात जास्त वेळ सांगत असते ते नामनिर्देशनाचं. साहेबांच्या शाखेत एका विधवेला नवऱ्याच्या ठेवीसाठी किती हेलपाटे घालावे लागले, ते मी पाहिलं होतं. फॉर्मवर नाव लिहायचं राहून गेलं होतं. नाव लिहिलेल्या माणसाला बँक पैसे देते आणि मोकळी होते, वारसांचा हक्क मात्र तसाच राहतो, हा भेद सांगायला प्रत्येक वेळी अर्धा तास जातो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार नावं देता येतात. गेल्या बैठकीत एकीनं विचारलं की दोन सुनांची नावं निम्मीनिम्मी लावता येतील का. येतील, म्हटलं, उद्या पासबुक घेऊन या, फॉर्म बरोबर बसून भरू.