छातीतला साचा

भीती कुठं राहते विचाराल तर मी छातीवर हात ठेवीन. रातपाळी करून अंथरुणावर पडलं की रिंग खात्यातले साचे कानातनं जात नाहीत, आणि छातीत आणखी एक सुरू होतो. हात गार. श्वास धाग्यासारखा मधेच तुटतो. पुढल्या महिन्यात ठेकेदार ठेवतोय का, मोर्च्याला गेल्याचं मुकादमाला कळलं का... एवढं पुरतं.

डॉक्टरनं छातीची पट्टी काढली. हृदय ठणठणीत. म्हणाला, टेन्शन घेऊ नको. टेन्शन काय रेशनवर मिळतं होय, घेऊ नको म्हणायला?

पुढं एका दोस्तानं सांगितलं, पळत जा. हसूच आलं. आठ तास साच्यांच्या रांगांतून फिरणाऱ्याला व्यायाम सांगतोय! पण राबणं वेगळं, व्यायाम वेगळा. साच्यापुढं अंग माझं नसतं. वेग साचा ठरवतो, मुतायला कधी जायचं ते मुकादम. पोटासाठी केलेल्या हालचालीनं मनाला तेवढा उतार पडत नाही, जेवढा आपखुशीच्या व्यायामानं पडतो, हे अभ्यासांतही दिसलंय.

भीती वाटली की अंग पळायच्या, लढायच्या तयारीला लागतं. पण वाकळंत पळणार कुठं? पळताना तीच धडधड, तोच घाम, तोच दम. पण ती धडधड मी सुरू केलेली असते, आणि मी थांबलो की तीही उतरते. काही आठवडे गेले, की छाती उडाली म्हंजे मरण आलं नाही, हे अंगाला कळायला लागतं. मला तरी तसंच कळलं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. (रातपाळीवाल्यानं ती कुठनं काढायची, ते सांगत नाही.) मी विजेच्या चार खांबांपासून सुरुवात केली. तर गावातल्या एकानं हटकलं, "कुणाचा रे तू? काय घेऊन पळतोयस?" आमच्या वस्तीतला पोरगा पहाटे पळताना दिसला की तो चोरच!

मग विहाराच्या मागं जोर-बैठका सुरू केल्या. १९२७ साली बाबासाहेबांच्या चळवळीत समता सैनिक दल उभं राहिलं, त्यात आपली माणसं कवायत करायची. पिढ्यान्‌पिढ्या वाकवलेली पाठ ताठ करायला नुसतं भाषण पुरत नाही, हे त्यांना ठाऊक असणार.

जोर मारून ठेकेदारी जात नाही, हे मलाही कळतं. आणि ज्याला जगणंच नको झालंय त्याला बैठका सांगू नका. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरकडं न्या, १४४१६ लावून द्या. सरकारची टेलि-मानस आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आता आम्ही सहाजण असतो. परवा धाकटी बहीण म्हणाली, "दादा, मी पण येणार. पण मला मागं उभं करायचं नाही."