वालाची ओल

१२ नोव्हेंबर
आमचं खालचं खाचर काल मोकळं झालं. तात्यांनी माती मुठीत दाबली, गोळा फुटेना. "अजून पाणी हाय, बी कुजंल." वरच्या तुकड्यात मात्र आजच वाल टाकायला हवा, तिथली ओल थांबायची नाही. खरं तर ही तारीख जूनमध्येच ठरलेली असते. हळवं भात लावलं तर शेत लवकर सुटतं आणि वालाला ओल सापडते. गरवं लावणारा शेजारी अजून कापणीतच आहे. त्याच्या वाट्याला भेगाळलेली जमीन येणार.

२१ नोव्हेंबर
खालचं पेरून झालं. आता काढणीपर्यंत पाण्याचा थेंब देणार नाही. तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पिणाऱ्या पोलादपूर-महाडच्या मातीने जे राखून ठेवलंय, त्यावरच वाल निघायचा.

१८ डिसेंबर
टोरांटोहून भाच्याचा फोन. परसात बुटका घेवडा लावायचाय. तिकडे मे महिना अर्धा सरल्याशिवाय बी मातीत घालत नाहीत, शेवटच्या हिमाचा भरवसा नसतो. ऑक्टोबरात पुन्हा हिम येऊन झाड करपतं. "मामा, तुमच्याकडे तारीख कुठली धरता?" म्हटलं, आम्ही थंडीला भीत नाही, उन्हाला भितो.

तसं हिम फार लांब नाही. आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. तिथे वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या पहाटे दव गोठतं. आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्रभर ऊब सोडते, आणि जड झालेली गार हवा खोलगटात साचते. स्ट्रॉबेरीवाल्यांची झोप उडते ती तेव्हा. सावित्री उगम पावते तिथेच, आणि येते आमच्याच दारावरून. पण ते गोठणं काही तिच्यासोबत घाट उतरत नाही. आम्हाला मिळतं नुसतं दव.

५ जानेवारी
फुलोरा आलाय. गावठी वालाला दिवस आखूड झाल्याशिवाय फूल धरत नाही, म्हणून घाई करून पेरलं तरी नुसता पालाच माजतो. दोन दिवस ढगाळ आहे. तात्या शेंडे उलटून मावा शोधतायत, आणि आभाळाला शिव्या देतायत. मला त्या शिव्या रास्त वाटतात.

१ फेब्रुवारी
पोपटी! मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ चोळलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. पाणी अजिबात नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवल्या. मुंबईचे पाहुणे त्यात कोंबडी घाला म्हणत होते. घातली, पण कोवळ्या शेंगेची चव तिने दबते, हे माझं मत कायम.

२६ फेब्रुवारी
शेंगा वाळल्या. उद्या पहाटे उपटायला सगळ्यांना बोलावलंय, दव अंगावर असेतोच. ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणे बांधाबांधाने वेचत बसावे लागतात.