पाच जणांचा एक ‘फकिरा’

आमच्या घरी अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ कादंबरीच्या दोन प्रती आहेत. एक वाचता येते, दुसरी येत नाही. दुसरीची पाने एकमेकांना चिकटून तिची वीट झाली आहे. घराला रंग देताना दर वेळी मंडळी विचारतात, “ही रद्दीत टाकायची का?” आम्ही नाही म्हणतो आणि ती पुन्हा फळीवर चढते. का नाही म्हणतो, हे घरात कधी नीट सांगितले नाही. वाचक बंधू-भगिनींनो, ते आज येथे सांगतो. त्यात आमचीच चूक आहे, म्हणून इतकी वर्षे राहून गेले.

६ डिसेंबर २००० रोजी सारंगखेड्याहून आम्ही पाच मित्र चैत्यभूमीला गेलो होतो. तेव्हा आम्ही विशीत होतो, काही शिकणारे, काही मजुरी करणारे. अभिवादनाची रांग संपवून शिवाजी पार्कवर आलो, तर पुस्तकांची दुकानेच दुकाने. आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन तेथे पुस्तके घेतात, ते दृश्य ज्याने पाहिले त्याला वेगळे सांगायला नको. आमच्या खिशात परतीच्या भाड्याशिवाय फारसे काही नव्हते. पाच जणांनी मिळून वर्गणी काढली आणि एकच पुस्तक घेतले. गाडीत ते हातोहात फिरले. एकाने मोठ्याने वाचायचे आणि चौघांनी ऐकायचे, असे करत नंदुरबार आले तेव्हा निम्मे झाले होते.

‘फकिरा’ १९५९ साली आली. वि. स. खांडेकरांची तिला प्रस्तावना आहे आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. अण्णाभाऊंचे शिक्षण किती, तर शाळेत जेमतेम दीड दिवस! वाटेगावात जन्मलेला, मुंबईच्या कामगार वस्तीत राहिलेला हा माणूस दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांसाठी धान्य लुटणाऱ्या फकिराची गोष्ट सांगतो आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतो. ही अर्पणपत्रिका आम्हाला फार कामी आली. वर्षावासात आमच्या वस्तीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, तेथूनच मोठ्याने वाचायची सवय लागलेली. तेव्हा संध्याकाळी ‘फकिरा’ही वाचून दाखवू असे आम्ही ठरवले. त्यावर एक बुजुर्ग आजोबा उभे राहिले. लेखक मातंग, त्यातून कम्युनिस्ट, आणि त्याची कादंबरी आपण कशाला वाचायची, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्याशी वाद न घालता आम्ही पुस्तकाचे ते पान उघडून त्यांच्यापुढे धरले. आजोबांनी चष्मा लावून वाचले, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “विहारात नको. ओट्यावर वाचा.” दुसऱ्या दिवशी ओट्यावर सर्वांत आधी तेच येऊन बसले होते.

कादंबरीची बोली वारणेच्या खोऱ्यातली, आमची अहिराणी. अनेक शब्द आम्हालाच अडत. पण ऐकणाऱ्या बायांचे काही अडले नाही. आई रोज हातातले काम टाकून यायची आणि वाचणारा दम खायला थांबला की विचारायची, “मंग पुढे काय व्हयनं?” घोडा आला की तिचा प्रश्न ठरलेला, “पण घोडा कोन्ता रंगना व्हता?” सारंगखेड्याच्या बाईला घोड्याचा रंग सांगितल्याशिवाय गोष्ट पटणार कशी? दत्तजयंतीला आमच्या गावी भरणारा घोडेबाजार साऱ्या देशाला माहीत आहे. बौद्ध झाल्यावर आपल्या माणसांनी देवदर्शन सोडले, यात्रा मात्र सुटली नाही, कारण यात्रेत चार दिवस रोजगार मिळतो. आईने घोडेवाल्यांना भाकऱ्या करून घालण्यात कितीतरी यात्रा घालवल्या. तिला अक्षर येत नव्हते, पण जनावराची पारख चांगली होती.

पुढे दोन वर्षांत पाचही जण पांगले. एक रेल्वेत लागून भुसावळला गेला. एक नाशिकला सातपूरच्या कारखान्यात, एक शिरपूरकडे शिक्षक, एक सुरतेला यंत्रमागावर. बी. कॉम. होऊन आम्ही तेवढे कारकुनीला लागलो आणि गावाजवळ राहिलो. पुस्तक कोणाचे, हा प्रश्न आला. वाटणी करता येण्यासारखी ती वस्तू नव्हती! शेवटी भुसावळकरांनी तोड काढली. प्रत्येकाने दोन महिने ठेवायचे, वाचायचे, आसपासच्या चार जणांना वाचायला द्यायचे, मागच्या कोऱ्या पानावर नाव आणि तारीख घालायची आणि टपालाने पुढच्याला पाठवायचे. हिशेब आणि पत्रव्यवहार आमच्याकडे आला. कारकुनाकडे दुसरे काय येणार?

त्या काळी बुक पोस्टाने पुस्तक स्वस्तात जात असे. अट अशी की पुडके दोन्ही टोकांना उघडे हवे, म्हणजे आत काय आहे ते तपासता येते, आणि आत खाजगी चिठ्ठी नको. पहिल्याच खेपेला आम्ही पुस्तकात चार ओळींची चिठ्ठी सरकवली होती. खिडकीवरच्या बाबूंनी ती बाहेर काढून शांतपणे आमच्या हातात दिली आणि म्हणाले, “पत्राला पत्राचे तिकीट लागते.” तेव्हापासून आम्ही बोलायचे ते समासात बोलू लागलो. कोणी एखाद्या परिच्छेदाशेजारी लिही, “हे वाचून रात्रपाळीत झोप आली नाही.” खाली दुसऱ्याच्या अक्षरात उत्तर असे, “झोपू नका, यंत्र सांभाळा.” शिरपूरकर गुरुजी आमची शुद्धलेखनाची चूक लाल शाईने सुधारत. हा नियमभंग होता की नाही, हे पोस्टालाच ठाऊक. १ ऑगस्ट २००२ रोजी टपाल खात्याने अण्णाभाऊंचे चार रुपयांचे तिकीट काढले, तेव्हा भुसावळकरांनी धावपळ करून काही तिकिटे मिळवली. अण्णाभाऊंचे पुस्तक अण्णाभाऊंच्याच तिकिटावर निघाले, याचा आम्हाला कोण आनंद! नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला होता, पण नाशिककर सवयीने पत्त्यावर ‘जि. धुळे’ लिहीत. तरी पुडके बरोबर यायचे.

अशी चार वर्षे गेली. २००६ च्या पावसाळ्यात पुस्तक सुरतेला होते.

त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तापीच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला. सारंगखेड्याच्या पुलावर उभे राहून आम्ही ते गढूळ पाणी पाहिले. आमच्याकडचे पाणी प्रकाशावरून उकाई धरणात जाते आणि तेथून सुरतेला. धरणातून पाणी सोडले आणि ७ ऑगस्टला ते सुरत शहरात शिरले. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आमचे सुरतकर मित्र कतारगामकडे तळमजल्याच्या खोलीत बायको आणि लहान मुलीसह राहत होते. काही दिवसांनी त्यांचा फोन लागला. “सगळे सुखरूप आहोत,” एवढेच ते म्हणाले. आम्ही पुस्तकाचे विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

दोन महिने गेले, चार गेले. यात्रेला ते गावी आले नाहीत. नाशिककरांचा पाळीचा तगादा आमच्याकडे सुरू झाला. जानेवारीत आम्ही एक पोस्टकार्ड घेतले आणि लिहिले. काय लिहिले ते शब्दशः येथे देववत नाही. मतलब असा, की समाजाची वस्तू दाबून बसणे शोभत नाही, विकून खाल्ली असेल तर तसे कळवावे, आम्हा सर्वांचे हेच मत आहे. ‘आम्हा सर्वांचे’ असे लिहिले खरे, पण बाकी तिघांना त्या कार्डाची खबरही नव्हती. चळवळीत काम करताना आम्हाला एक वाईट खोड लागली आहे. आपल्या रागाला आम्ही समाजाची सही करून टाकतो. शिवाय कार्ड पन्नास पैशांत जाते, पाकिटाला जास्त पडतात. हा हिशेबही त्या वेळी केलाच.

याहून लाज आणणारी गोष्ट पुढे आहे. दर १४ एप्रिलला आम्ही भाषणात सांगत आलो, की १९१७ मध्ये लंडनहून परतताना बाबासाहेबांनी सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली आणि पहिल्या महायुद्धात ती बोट बुडवली गेली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली, हे सांगताना आमचा आवाज भरून येई. आणि आमच्याच मित्राच्या घरात छातीभर पाणी शिरले, त्यात एक पुस्तक भिजले असेल, एवढे आम्हाला सुचू नये?

एप्रिल २००७ मध्ये सुरतेहून रजिस्टर पुडके आले. आत दोन पुस्तके होती. एक ही वीट. दुसरे कोरे करकरीत ‘फकिरा’. त्याच्या मागच्या पानावर पाचही जणांची नावे, सगळ्या फेऱ्यांच्या तारखा, एकाच अक्षरात, सुरतकरांच्या. पाने उलटली तर समासातला आमचा सगळा संवाद जागच्या जागी उतरवलेला. गुरुजींच्या लाल दुरुस्त्या लाल शाईनेच केल्या होत्या. ओली पाने एकेक करून वाळवत, चिकटून जाण्याआधी जेवढे वाचता आले तेवढे त्यांनी आधी वहीत टिपून ठेवले असणार. जेथे शाई धुऊन गेली होती तेथे अंदाजाने काही लिहिले नव्हते, तेवढी जागा मोकळी सोडली होती. शेवटच्या नावापुढे तारीख होती, ‘७ ऑगस्ट २००६’, आणि पुढे एक शब्द, ‘पाणी’.

चिठ्ठी नव्हती. आमच्या कार्डाचे उत्तर नव्हते.

पुढच्या यात्रेला ते आले तेव्हा आम्ही घरी गेलो. माग कित्येक आठवडे बंद होते, उसनवारी वाढली होती, नवे पुस्तक घेऊनच तोंड दाखवायचे असे त्यांनी ठरवले होते, हे सारे तेव्हा कळले. आम्ही माफी मागितली. ते हसले, “जाऊ द्या हो, जयभीम म्हणा आणि चहा घ्या.” वहिनी मात्र हसल्या नाहीत. पोस्टमनने कार्ड शेजारच्या खोलीत दिले होते आणि शेजाऱ्यांनी ते चार जणांत वाचून मग यांच्याकडे आणून दिले. “भाऊ, पाकिटात तरी घालायचं होतं,” एवढेच वहिनी बोलल्या. चहा त्यांनीच केला होता. तो आम्हाला गिळता आला नाही.

त्यानंतर आम्ही बाकी तिघांना प्रत्येकी एक पाकीट पाठवून घडले ते सर्व कळवले. नाशिककरांनी आम्हाला महिनाभर उत्तर दिले नाही. योग्यच केले.

नवी प्रत अजून फिरते आहे. मध्यंतरी रजिस्टर बुक पोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये एकाएकी बंद झाली आणि आमची फेरी अडली. मग १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून, पाच किलोपर्यंत शंभर रुपये, वर कर. पुस्तक कोठपर्यंत गेले तेही कळते. आमची प्रत तीनशे ग्रॅमच्या आत बसते. पोरे म्हणतात, काका, मोबाईलवर फुकट येते की! अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. कायद्याने लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. तोवर तरी फुकटचे आम्ही पुढे ढकलत नाही. अण्णाभाऊंसारख्या माणसाचे फुकट घ्यायला हात धजत नाही. आणि मोबाईलवर गुरुजींची लाल शाई कोठून येणार?

आता फेरीत आमची मुले आली आहेत. पुरातून खांद्यावर बसून बाहेर पडलेली सुरतकरांची ती लहान मुलगी आज नाशिकला परिचारिकेचे शिक्षण घेते. यंदा आम्ही तिला पुस्तक पाठवले. वाचून झाल्यावर तिने विचारले, “काका, दुष्काळाच्या पानावर तुमचे नाव आहे आणि पुढे जागा मोकळी आहे. तेथे तुम्ही काय लिहिले होते?”

ती वीट फळीवरून काढून आम्ही ते पान सुटते का पाहिले. सुटले नाही. पुष्कळ आठवून पाहिले. आठवत नाही असे तिला लिहिले आणि पत्र पाकिटात घालून पाठवले.