हसू नका ना

रात्रीच्या जेवणानंतर आम्ही सगळे मिळून एखादी मालिका बघतो. मागच्या हिवाळ्यात मुलाने 'मंक' लावली. २००२ ते २००९ या काळात अमेरिकेत चाललेली ही गुन्हेमालिका. एड्रियन मंक हा सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस तपासनीस. बायको ट्रूडी बॉम्बस्फोटात गेली आणि त्याचे विचित्रपण इतके वाढले की नोकरीच सुटली. कुणाशी हात मिळवला की लगेच हात पुसायचे. त्याची नर्स शरोना ओला रुमाल तयारच ठेवते. जंतू, उंची, दूधसुद्धा, भीती सगळ्याची. पण इतरांच्या नजरेतून सुटलेली खूण हा नेमकी पकडतो. टोनी शलूबचे काम असे की हसू आवरत नाही.

आम्हीही पोट धरून हसायचो. एका रात्री धाकटी मुलगी म्हणाली, "अम्मी, हसू नका ना. त्याला थांबताच येत नाही."

मी गप्पच झाले. दहावीत गेल्यापासून तिचे वुजू अर्धा अर्धा तास चालायचे. पाय धुऊन झाले की पुन्हा पहिल्यापासून. हातांची साले निघाली होती. दादी म्हणायची, "पोरगी किती परहेजगार!" मी पाणी वाया जाते म्हणून ओरडायचे. तीनदा धुणे पुरे, नुसत्या शंकेने वुजू तुटत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. ठाऊक असूनही थांबता येत नव्हते, हेच तर दुखणे.

मौलाना म्हणाले, "हा वसवसा आहे, त्याकडे लक्ष देऊ नये, पण डॉक्टरलाही जरूर दाखवा." मानसोपचारतज्ज्ञांनी समजावले: शंका आली की जीव घाबरतो, धुतले की घटकाभर बरे वाटते, म्हणून मन पुन्हा धुवायला लावते. आता एकदाच वुजू करून, घाबरत का होईना, मुसल्ल्यावर उभे राहायचा सराव चालू आहे. कधी जमते, कधी नाही.

मंकही नेमाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो आणि ते कुणापासून लपवत नाही. आम्ही मात्र नातेवाइकांना सांगायचो, त्वचेच्या डॉक्टरकडे जातो. उद्या तिच्या लग्नाला अडचण नको, ही भीती. ते खोटे बोलणे आता सोडले आहे. हे लिहिण्यापूर्वी तिला विचारले. ती म्हणाली, "लिही अम्मी. कुणाच्या तरी घरात आत्ता नळ चालू असेल."