परक्या गाडीचें सारथ्य

अमरकोशांत सारथ्यास आठ नांवें दिलीं आहेत. त्यांतलें एक ‘दक्षिणस्थ’, म्हणजे उजव्या बाजूस असणारा. आपल्याकडे मोटार हांकणाराही उजवीकडेच बसतो, हें मी वर्गांत दर वर्षीं सांगत असें, आणि मुलें निदान तेवढा एक शब्द तरी विसरत नसत. आठही नांवें देऊन झाल्यावर कोशकार त्या सर्वांना ‘रथकुटुंबी’ म्हणतो. रथाच्या कुटुंबांतला माणूस! बत्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हा शब्द फार गोड वाटे. परंतु आमच्या स्वतःच्या कुटुंबांत जेव्हां खराखुरा रथकुटुंबी निघाला, तेव्हां अमरसिंह कोणाच्या उपयोगी पडला नाहीं.

माझ्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. चार वर्षें तो एका पतसंस्थेंत खतावण्या सांभाळीत होता. तीन वर्षांपूर्वीं त्यानें अवजड वाहनाचा परवाना काढला, आणि एके रात्रीं पंगतींतच सांगितलें कीं, आपण पतसंस्था सोडली. यापुढें कारखान्यांतून निघालेल्या नव्या कोऱ्या गाड्या दूरदूरच्या गिऱ्हाइकांकडे नेऊन पोंचविण्याचें काम करणार. वहिनींच्या हातांतला डाव तसाच राहिला. ‘म्हणजे ड्रायव्हरच ना रे?’ एवढेंच त्या म्हणाल्या. दादा भात अर्धा टाकून उठले. आमच्या घराण्यांत भिक्षुकी झाली, औंध संस्थानच्या काळीं कारकुनी झाली, पुढें मास्तरकी झाली. चाकामागें कोणी बसलें नव्हतें. कर्णाचें सारथ्य करावयास सांगितलें तेव्हां मद्रराज शल्यास जो संताप आला, तो त्या रात्रीं आमच्या माजघरांत मूर्तिमंत वावरत होता. शल्य निदान राजा तरी होता. आमची मिजास कशाच्या आधारावर होती, हें कोणी विचारलें नाहीं.

हें काम काय असतें, याची कल्पना पुष्कळ वाचकांस नसेल. कारखान्यांतून मोटार बाहेर पडते तेव्हां तिला अजून कायमचा क्रमांक नसतो. मग तिनें रस्त्यावर यावें कसें? यासाठीं १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत उत्पादक व विक्रेते यांच्याकरितां व्यवसाय-प्रमाणपत्राची सोय आहे, आणि १९८८ सालच्या मूळ कायद्यांत तात्पुरत्या नोंदणीची. विक्रेत्याच्या ताब्यांतील गाडीस तांबड्या पाटीवर पांढरीं अक्षरें, तात्पुरत्या नोंदणीच्या गाडीस पिवळ्या पाटीवर तांबडीं अक्षरें. हे रंग केंद्र सरकारनें २०२० सालच्या जुलैंत पुन्हां स्पष्ट केले. बारशापूर्वीं बाळाला घरांत छकुला म्हणावें, तसाच हा प्रकार. छकुल्याला आपण सहसा घराबाहेर नेत नाहीं; ही बाळें मात्र पांच-पांचशें कोस चालून जातात.

लहान मोटारी बहुधा मोठ्या वाहनांवर चढवून नेतात. बसची चॅसी मात्र आपल्याच चाकांवर निघते. चॅसी म्हणजे नुसता सांगाडा: दोन लांब पोलादी तुळया, एंजिन, चाकें, आणि पुढें सुकाणूचें चक्र. अंगावर कपडा म्हणून कांहीं नाहीं. तो पुढें बॉडी बांधणाऱ्याकडे चढावयाचा. आपण ज्या तांबड्या एस. टी. मधून जन्मभर हिंडलों, त्यांपैकीं कितीतरी गाड्या महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत अशा सांगाड्यांवरच बांधल्या गेल्या. १ जून १९४८ रोजीं पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला गेली, ही तारीख आमच्या शाळेंतील पोरेंही सांगत. परंतु गाडीचा सांगाडा कार्यशाळेपर्यंत कोणी आणून दिला, हा प्रश्न मला एकाही पोरानें कधीं विचारला नाहीं.

पुतण्याची नेहमींची वाट पुण्याहून गोव्याची. सत्तरी तालुक्यांत होंडा येथें ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही १९८० सालीं स्थापन झालेली कंपनी बसगाड्यांच्या बॉड्या बांधते. पिंपरीहून निघून खंबाटकी चढावयाची, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करीत बेळगांव गांठावयाचें, आणि चोर्ल्याच्या घाटानें खालीं उतरावयाचें. सातारच्या अलीकडे आला कीं तो घरीं दूरध्वनि करितो. वहिनी नकळत रहिमतपुराच्या दिशेला पाहतात. वस्तुतः महामार्ग आमच्या औंधपासून बराच दूर, आणि मध्यें डोंगर आहेत.

उघड्या चॅसीवरचा प्रवास मोठा खडतर असतो. डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, कानांना मफलर, आणि मार्गशीर्ष-पौषांत अंगांत दोन दोन स्वेटर. पावसाळ्यांत समोरच्या मालट्रकाच्या चाकांतून उडणारा चिखल सरळ तोंडावर येतो. त्याहून निराळा एक धोका आहे, तो त्यानें मला शेणाच्या गोवऱ्या मांडून समजावून दिला. गाडीचे पाटे भरल्या ओझ्यासाठीं केलेले असतात. वर ओझें नसलें म्हणजे ते लवत नाहींत. प्रत्येक खड्डा थेट कण्याला पोंचतो. मागचीं चाकें हलकीं असल्यामुळें ओल्या उतारावर जोरानें ब्रेक दाबला तर तीं जागच्या जागीं अडकून घसरतात आणि मागचें धूड आडवें येऊं पाहतें. म्हणून रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षां जपून न्यावी लागते. (रिकाम्या डोक्याबद्दल माझा शाळेंतील अनुभव असाच आहे.) १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनींत वातानुकूलन सक्तीचें झालें, ही बातमी मीं त्यास मोठ्या उत्साहानें वाचून दाखविली. तो म्हणाला, ‘काका, माझ्या गाडीला वाऱ्याची कमतरता कधींच नव्हती.’

गाडी पोंचविली कीं सारथी एकदम पादचारी होतो. या स्थित्यंतराचें मला फार नवल वाटतें. सकाळीं ज्याच्या हातांत लाखों रुपयांचें वाहन, तो दुपारीं खांद्यावर वळकटी टाकून रस्त्याच्या कडेला उभा. विलायतेंतही असे सारथी आहेत. तेथील तात्पुरत्या पाट्या पांढऱ्या, वर तांबडीं अक्षरें. गाडी पोंचवून परततांना तीच पाटी हातांत उंच धरून रस्त्यावर उभें राहावयाचें आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारवाल्यानें ती ओळखून थांबावें, अशी तिकडे जुनी चाल. आमच्या पुतण्याची पाटी म्हणजे त्याचें शिरस्त्राण. तें हातांत दिसलें कीं मालट्रकवाले गाडी थांबवितात; जात, गांव, भाषा कांहीं विचारीत नाहींत. परतीचें भाडें ठेक्याच्या रकमेंतच धरलेलें असल्यानें जेवढें वांचेल तेवढें त्याचें.

दक्षिणेंत गेला असतां त्याला आणखी एक आधार सांपडला. जुनें औंध संस्थान सलग नव्हतें; औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले होते, आणि आमच्या बाजूचीं माणसें त्यामुळें म्हणा कीं दुष्काळामुळें म्हणा, पहिल्यापासून वाटेलाच लागलेलीं. विटे, खानापूर, आटपाडीकडील गलाई करणारे लोक सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं हिंदुस्थानभर पसरले आहेत. कोइमतूरला सराफांच्या पेठेंत एका गल्लींत याला माणदेशी बोली ऐकूं आली. तो तिकडे वळला, औंधचें नांव सांगितलें, ‘म्हंजी यमाईचं औंध का?’ असा प्रश्न झाला, आणि त्या रात्रीं त्याला बाजरीची भाकरी मिळाली. हें ऐकून वहिनींचा राग प्रथम किंचित् निवळला. मुलगा कोठें का असेना, जेवला, एवढें आईला पुरतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं लेखणी हातीं घेतली, तिच्याकडे येतों. पोंचवावयाची गाडी वाटेंत कोणाची? कारखान्यानें ती सोडली, गिऱ्हाइकानें अजून पाहिली नाहीं. सारथ्याची तर ती कधींच नसते. धर्मशास्त्रांत याला न्यास किंवा निक्षेप म्हणतात, मराठींत ठेव. ठेव ज्याच्यापाशीं ठेवली त्यानें ती जशीच्या तशी परत द्यावी. परंतु राजा, दैव वा चोर यांच्यामुळें ती नष्ट झाली तर त्याच्याकडून भरून घेऊं नये, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. १८७२ सालच्या कराराच्या कायद्याचीं १५१ व १५२ हीं कलमें याच मार्गानें जातात: सामान्य समंजस मनुष्य आपल्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घेतली असेल, तर नुकसानीबद्दल तो जबाबदार नाहीं. मात्र ‘विशेष करार नसेल तर’ असे चार शब्द तेथें आहेत.

त्या चार शब्दांनीं पुतण्याला गांठलें. गेल्या वर्षीं चित्रदुर्गाच्या पुढें खडीच्या एका गाडींतून उडालेल्या दगडानें त्याच्या ताब्यांतील नव्या मालट्रकाची पुढची कांच तडकली. याचा वेग ठरल्याप्रमाणें होता, अंतरही राखलेलें होतें. तरी ठेकेदारानें कांचेची सगळी किंमत त्याच्या दोन खेपांच्या पैशांतून कापून घेतली. कामावर घेतांना इंग्रजी छापील कागदावर सही घेतली होती; वाटेंतील कोणत्याही नुकसानीस चालक जबाबदार, असें त्यांत होतें म्हणे. ‘म्हणे’ अशासाठीं कीं, त्या कागदाची प्रत त्याला दिलेलीच नव्हती. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें चालकाला दिवसाचे आठ तास नेमून दिले होते. त्या छापील कागदांत तासांविषयीं एक अक्षर नसल्याचें त्याला आठवत होतें. ठेवीचा सगळा धर्म ठेव नेणाऱ्यानें पाळावयाचा, आणि ठेवणाऱ्यानें नुसती सही ठेवावयाची, हें मला अत्यंत अन्यायाचें वाटतें. अब्रू गेली म्हणून जे घर तीन वर्षें कुरकुरत होतें, त्या घराला हा अन्याय झोंबला, हें विशेष. दादा स्वतः माझ्या खोलींत आले आणि म्हणाले, ‘अर्ज लिही. नीट लिही.’

मीं लिहिला. पहिल्या मसुद्यांत याज्ञवल्क्य होता, मिताक्षराही होती. पुतण्यानें वाचून तीं दोन्ही खोडलीं. ‘काका, तिथला कारकून एवढं वाचायचा नाही. नुसतं कलम राहूं द्या.’ कलमें राहिलीं. दोन महिन्यांनीं निम्मी रक्कम परत आली. सोबत पत्र नव्हतें, दिलगिरी तर नव्हतीच. उरलेल्या निम्म्यासाठीं दुसरा अर्ज गेला आहे. तेव्हांपासून गाडी ताब्यांत घेतांना व देतांना तो तिचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घेतो, घेणाऱ्याची सही घेतल्यावांचून किल्ली सोडीत नाहीं, आणि छापील कागदाची प्रत मागतो. प्रत मागणाऱ्याला खेप उशिरा मिळते, असा त्याचा अनुभव आहे.

कण्वमुनींनीं शकुंतलेला सासरीं धाडल्यावर त्यांचें मन ठेव परत केल्यासारखें हलकें झालें, असें कालिदासानें दाखविलें आहे. मीं एकदां पुतण्याला विचारलें, किल्ली देतांना तुला तसें कांहीं वाटतें काय? तो विचार करून म्हणाला, ‘वाटतं, पण आधी पोंच हातांत पडावी लागते.’

मागच्या पंधरवड्यांत सांगलीकडचे एक गृहस्थ मुलीसाठीं चौकशीला आले होते. मुलगा काय करितो, या प्रश्नावर वहिनी म्हणाल्या, ‘वाहन-उद्योगांत आहे.’ आमच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई कोपऱ्यांत वाती वळीत होत्या. त्यांनीं मान वर न करितांच सांगितलें, ‘ड्रायव्हर आहे. दुसऱ्याची वस्तु अंगावर ओरखडा न उठूं देतां पोंचवितो. तुमची मुलगीही तशीच सांभाळील.’ गृहस्थ हंसले, चहा घेतला, पत्रिका घेऊन गेले. अजून उत्तर आलेलें नाहीं. पुतण्या काल हिंगण्याची खेप घेऊन निघाला. वहिनींनीं दशम्या बांधून दिल्या आहेत, आणि या खेपेस शिरस्त्राणाचें अस्तर त्यांनीं स्वतः धुऊन वाळविलें.