शुभ सकाळ आणि हजेरीपट

मंडळी, 'शुभ सकाळ'च्या मेसेजची चेष्टा करायची आता पद्धतच पडली आहे. उगवता सूर्य, त्यावर गुलाबाचं फूल, खाली कुणा थोर माणसाच्या नावावर खपवलेलं एखादं वाक्य आणि कोपऱ्यात वाफाळता चहा! आमच्या घरातली तरुण मंडळी तर असा ग्रुप दिसला की आधी त्याचा आवाज बंद करतात. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलनेही यावर बातमी छापली होती. भारतीयांचे फोन सारखे का अडकतात याचा शोध गूगलची माणसं घेत होती, तेव्हा त्यांना सापडलं ते हे, सकाळी सकाळी पाठवलेल्या फुलांचे ढीग! वाचून मलाही हसू आलं होतं.

तरीही आज मी या मेसेजची थोडी वकिली करणार आहे. फुलांची नव्हे हं, मेसेजची. दोन्हींत फरक आहे, तो पुढे सांगते.

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. रोज पहिल्या तासाला हजेरी. बाहेरच्या माणसाला वाटतं, पाच मिनिटं वाया घालवण्याचा हा सरकारी प्रकार. पण आम्हा शिक्षकांना माहीत असतं, हजेरी घ्यायची ती खरी न आलेल्या पोरांसाठी. सलग तीन दिवस एकाच नावापुढे फुली पडली की शेजारच्या मुलाला विचारायचं, "का रे, तो कुठंय?" मग कळायचं, कुणाला कावीळ झाली आहे, कुणाची आई आजारी म्हणून धाकटी भावंडं सांभाळायला घरी ठेवलंय. चाळीस पोरांच्या वर्गात एक कमी आहे हे नुसतं बघून लक्षात येत नाही. त्यासाठी हजेरीपट लागतो.

आता म्हातारपणाकडे वळू. आम्ही साताऱ्यात चार भिंतीच्या बाजूला सकाळी फिरायला जाणारी काही मंडळी. निवृत्त शिक्षक, एक पोस्टमास्तर, एक नर्सबाई (त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात), बँकेतले दोघं, बाकी गृहिणी. बहुतेकांची मुलं पुण्यात, मुंबईत नाहीतर परदेशात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, फिरणं बंद झालं, आणि मग सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघाला. सुरुवातीला अर्थातच फुलं आणि सुविचार. पण एक गोष्ट आपोआप घडली. सकाळी आठपर्यंत कुणाचा मेसेज आला नाही की कुणीतरी विचारायचं, "आज अमुकांचं काय झालं? फोन करा बरं." बहुतेक वेळा काही झालेलं नसायचं. चार्जिंग संपलेलं, नाहीतर चष्मा सापडत नव्हता. एकदा मात्र एक काका बाथरूममध्ये घसरून पडले होते आणि फोन दुसऱ्या खोलीत वाजत होता. शेजाऱ्यांकडच्या किल्लीने दार उघडलं. तेव्हापासून आठची वेळ पक्की झाली. त्याला आम्ही हजेरीच म्हणतो.

पण या हजेरीत एक पळवाट आहे, ती वर्षभराने दिसली. आमच्यातल्या एका वहिनींचे यजमान गेले. दिवसपाणी झालं, मुलगा परत गेला. वहिनींचं फूल रोज सहा वाजता न चुकता यायचं. सगळ्यांना वाटलं, सावरल्या. दीड महिन्यानंतर सिस्टर सहज त्यांच्याकडे गेल्या तर स्वयंपाकघरात चूल पेटल्याची खूण नाही. वहिनी दोन वेळा चहा-बिस्किटांवर काढत होत्या, रात्रीची झोप नव्हती आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपून पंधरा दिवस झाले होते. फूल पाठवायला काय लागतं हो? आलेलं पुढे ढकलायचं, अंगठा दाबायचा. फुलावरून माणूस जिवंत आहे एवढंच कळतं, कसा आहे ते कळत नाही. वहिनींना डॉक्टरांकडे नेलं, औषधोपचार झाले, जेवायला सोबत मिळाली, हळूहळू त्या उभ्या राहिल्या. (मन असं बसलं तर सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलता येतं. फ्रीजवर चिकटवून ठेवा.)

त्यानंतर सिस्टरनीच नियम सुचवला. तयार चित्र पाठवायचं नाही. स्वतःच्या बोटाने एक ओळ लिहायची. काल रात्री झोप कशी लागली, नाश्त्याला काय केलं, गुडघा काय म्हणतो, काहीही. कुरकूर झाली, "आम्हाला टाईप करता येत नाही" म्हणून. पण जमलं. कुणी 'पोहे' एवढंच लिहितो, तरी चालतं!

या नियमाची किंमत कळली ती पोस्टमास्तरांमुळे. ते एकटे राहतात, वय ७४. शुद्धलेखनाचे इतके पक्के की माझ्यासारख्या मराठीच्या बाईंचीही वेलांटी दुरुस्त करायचे. एके दिवशी त्यांची ओळ ६ वाजून २० मिनिटांनी आली, "झोप उत्तम. आज उपमा." नेहमीसारखी, पूर्णविरामासकट. सव्वासातला कुणीतरी कोडं घातलं. त्याला पोस्टमास्तरांचं उत्तर आलं ते नुसती अक्षरांची रास. 'तकर मलस पप' असं काहीतरी. एकाने हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह टाकलं. सिस्टरनी मात्र ताबडतोब फोन लावला. पलीकडून त्यांचं बोलणं जड, ओढल्यासारखं. त्यांनी एका हाताने १०८ ला फोन केला, दुसऱ्या फोनवरून पोस्टमास्तरांच्या शेजाऱ्यांना उठवलं. शेजारी पोचले तेव्हा तोंड एका बाजूला झुकलेलं आणि उजवा हात उचलत नव्हता. अर्धांगाचा झटका.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "हे शेवटचे धडधाकट कधी होते?" एकट्या माणसाच्या बाबतीत याचं उत्तर कोण देणार? पण ते आमच्याकडे लेखी होतं, मिनिटासकट. ६ वाजून २० मिनिटं.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, तेही सांगते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला असेल, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. पण झटका रक्तस्रावामुळे आला असेल तर तेच इंजेक्शन घातक. म्हणून आधी सीटी स्कॅन करून बघतात. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट १०८. पोस्टमास्तरांना इंजेक्शन वेळेत मिळालं. आज ते काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून पुरता वळत नाही, म्हणून डाव्या हाताने टाईप करतात, पण ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा जाग्यावर आलंय.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच सकाळी, रुग्णवाहिका वाटेत असताना, त्याच ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. 'झटका आलेल्या माणसाला हलवू नका. आधी दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा, मग दवाखान्यात न्या.' कित्येक वर्षं हा मेसेज जगभर फिरतो आहे, कुणा चिनी प्राध्यापकाच्या नावाने. बोटातून रक्त काढल्याने मेंदूतली गुठळी हलत नाही. जाते ती फक्त वेळ. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, याबद्दल मला शंका नाही. असाच दुसरा, 'एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोराने खोकत राहा.' घरी एकट्याने करायचा असा कुठलाही उपाय मान्य नाही, डॉक्टर सांगतात मदत बोलवा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असाच एक मेसेज वाचून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि नुसत्या कारल्याच्या रसावर राहिले. पायाच्या जखमेने महिनाभर अंथरुणात होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोनाबरोबरच खोट्यानाट्या माहितीचीही साथ आली आहे असा इशारा दिला होता. व्हॉट्सअ‍ॅपनेही आवर घालायचा प्रयत्न केला आहे. २०१८ मध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, अशी मर्यादा घातली. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते. माझा आपला साधा हिशोब, ते दोन बाण दिसले की समजायचं, हे लिहिणाऱ्याला तुम्ही ओळखत नाही आणि तोही तुम्हाला ओळखत नाही.

आणि मला वाटतं, सगळं इथेच येऊन थांबतं. आमच्या ग्रुपने औषधाचा सल्ला देऊन कुणालाच बरं केलेलं नाही. पोस्टमास्तरांच्या कामी आली ती आमची ओळख. हा माणूस वेलांटी चुकत नाही, हे आम्हाला माहीत होतं. ते कुठल्याही फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नसतं. जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा एकटेपणावरचा अहवाल आला. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज आहे. एकटेपणाला पूर्वी कुणी आजार म्हणत नव्हतं. चाळीत, वाड्यात सकाळी दार उघडलं नाही तर शेजारीण कडी वाजवायचीच. आता वाडे पडले, फ्लॅटची दारं बंद असतात, तेव्हा ती कडी फोनमध्ये आली इतकंच.

आमचे बाकीचे नियमही सांगून टाकते, कुणाला उपयोग होईल. साखर किती, रक्तदाब किती हे आकडे ग्रुपवर टाकायचे नाहीत, वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचे. कारण आकडा दिसला की लगेच दहा सल्ले येतात, "माझी गोळी घेऊन बघा"! दुसऱ्याच्या आजाराची बातमी त्याला विचारल्याशिवाय द्यायची नाही. दोन बाणांचा आरोग्याचा मेसेज आधी सिस्टरना. प्रत्येकाच्या घरची जादा किल्ली कुणाकडे आहे आणि मुलांचे नंबर काय, याची यादी तिघांकडे. आणि आठ वाजता हजेरी कोण बघणार, याची आठवड्याची पाळी.

मुलांना या मेसेजचा कंटाळा येतो, येऊ दे. पण परदेशातल्या भाचरांना, पुतण्यांना एक सांगते. आईने पाठवलेल्या फुलाला उलट फूल पाठवू नका. "जेवलीस का? काय केलं होतंस?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर कसं आलंय तेही जरा बघा.

असो. राहता राहिले आमच्यातले दोघे. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप नाही आणि शिकायचंही नाही म्हणतात. त्यांना पाळीवाला आठ वाजता फोन करतो आणि त्यांची ओळ ग्रुपवर लिहितो. परवा माझी पाळी होती. त्यातल्या आजी म्हणाल्या, "बाई, लिहा, भाकरी आणि पिठलं. आणि मीठ जास्त झालंय."

तसंच लिहिलं.