जवाईचा बिबट्या पाहण्यास कधी जावे?

पुणे, मुंबई, सोलापूर येथे व्यापारात स्थिरावलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव आजही गोडवाडात आहे. बाली, सादडी, शिवगंज, सुमेरपूर ही नावे घरात नेहमी उच्चारली जातात. गावी जायचे म्हणजे फालना स्थानकावर उतरायचे, बंद घराचे कुलूप उघडायचे, नातलगांना भेटायचे आणि रणकपूर, मुछाळा महावीर, नारलाई, नाडोल, वरकाणा ही पंचतीर्थी करून परतायचे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. अलीकडे त्यात जवाई बांधाच्या परिसरातील बिबट्यांची भर पडली आहे. नातवंडे आता रणकपूरच्या १४४४ स्तंभांआधी बिबट्याची चौकशी करतात, आणि मग घरातील वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो, जायचे कधी?

‘ऑक्टोबर ते मार्च’ हे ठरलेले उत्तर सर्वत्र मिळते. ते चुकीचे नाही. परंतु या सहा महिन्यांतही दिवसांदिवसांत फार अंतर असते, आणि आपल्या घराची दिनचर्या ते उत्तर देणाऱ्याला ठाऊक नसते.

प्रथम त्या भूमीविषयी. जुन्नरकडे बिबट्या उसात राहतो. तो तेथे असतो, पण दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा बहुधा भीतीच घेऊन येतो. जवाईचे तसे नाही. तेथे सपाट माळावर ग्रॅनाइटचे उघडे, गुळगुळीत डोंगर उभे आहेत. त्यांच्या कपारी आणि गुहा हेच बिबट्याचे घर. लपायला दाट अरण्य नसल्यामुळे तो खडकावर आला की दुरूनही नजरेस पडतो. पायथ्याशी लाल पागोटे बांधलेले देवासी पशुपालक शेळ्या-मेंढ्या चारतात. एखादे जनावर बिबट्याने नेले तरी सूड घेण्याची रीत तेथे नाही. पेरवा गावाजवळच्या देवगिरीच्या मंदिराच्या पायऱ्यांवरही बिबटे दिसतात, आणि पुजारी आपली पूजा करीत राहतो.

आता ऋतूंकडे वळू. चातुर्मासात हे डोंगर हिरवे होतात आणि फार सुंदर दिसतात. पण जागोजागी पाणी आणि आडोसा असल्याने बिबट्याचे दर्शन दुर्मीळ होते. शिवाय वर्षाकाळात अनावश्यक प्रवास टाळावा, ही आपली शिकवण आहेच. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, म्हणून जे मोजके उरतात त्यांच्याजवळ बिबट्या येण्याचा संभव वाढतो. छायाचित्रकार मंडळी त्यामुळेच मे महिना पसंत करतात. मात्र पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. लहान मुले आणि ज्येष्ठांना उघड्या जीपमधून त्या उन्हात नेणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. ‘अमुक महिन्यात बछडे हमखास दिसतात’ असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये. बिबट्याच्या मादीला पिल्ले होण्याचा ठरावीक ऋतू नसतो.

राहिला हिवाळा. आमची पहिली खेप दिवाळीतली. पेढी लाभपंचमीपर्यंत बंद, मुलांना सुट्टी, म्हणून आम्ही सायंकाळची जीप ठरवली. पावसाळा नुकताच सरलेला, गवत अजून उंच होते. नोव्हेंबरच्या आरंभी तेथे सहाला पाच-दहा मिनिटे असतानाच सूर्य मावळतो, आणि बिबट्या हालचाल करू लागतो ती वेळही नेमकी तीच. वडिलांचे चौविहार असते. परतल्यावर जेवू, असे आम्ही गृहीत धरले होते. परंतु सूर्य जीपमध्येच मावळला. वडिलांनी तेथेच हात जोडून पच्चक्खाण घेतले आणि त्या रात्री ते उपाशी राहिले.

त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले ते निराळ्याच गोष्टीबद्दल. अंधार पडल्यावर आठ-दहा जीपगाड्या एका डोंगराला भिडल्या आणि सर्वांनी प्रखर दिवे वर रोखले. कपारीच्या तोंडाशी एक मादी दोन पिल्लांसह बसली होती. उजेड पडताच पिल्ले आत पळाली. ती मात्र डोळे मिटत-उघडत तशीच उभी राहिली. खाली मोबाइल वर करून सगळे आनंदाने ओरडत होते, आमची मुलेही. वडील चालकाला म्हणाले, “तिला तिच्या घरी तरी सुखाने बसू द्या, बेटा.” आमच्या चालकाने दिवा मालवला. इतरांनी मालवला नाही. त्या आनंदात मीही सामील होतो, हे येथे लिहिताना संकोच वाटतो.

पुढच्या वर्षी पौष महिन्यात पुन्हा गेलो, या वेळी पहाटे. जानेवारीत तेथे सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. पारा कधीकधी दहा अंशांच्या खाली उतरतो. रात्रभर थंड पडलेल्या खडकावर पहिले ऊन आले की बिबट्या अंग शेकण्यासाठी आपण होऊन बाहेर येतो आणि निवांत पडून राहतो. दिव्याची गरजच नसते. आम्ही बरेच दूर थांबलो होतो. तो मधूनच आमच्याकडे पाही, जांभई देई आणि पुन्हा डोळे मिटी. मुले आपोआप गप्प झाली. पुढे जलाशयाच्या काठी मगरी उन्हात पसरलेल्या दिसल्या आणि पाण्यालगत कुरजा पक्ष्यांचा थवा. नवकारशीची वेळ आठनंतर येते. नऊच्या सुमारास मुक्कामी पोहोचून सर्वांनी मिळून ती पारली. दुपार रणकपूरसाठी मोकळी राहिली, आणि सायंकाळचे भोजनही सूर्यास्तापूर्वी झाले.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो, दिवाळीची सुट्टी गाव आणि तीर्थासाठी ठेवा, बिबट्यासाठी पौष-माघ निवडा. धनुर्मासात लग्ने नसतात, दुकानातून दोन-चार दिवस काढता येतात. त्यातही नाताळ आणि इंग्रजी नववर्षाचा आठवडा वगळावा. गर्दी आणि दर दोन्ही तेव्हा चढे असतात. जानेवारीचा पहिला आठवडा संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. मार्चही वाईट नाही, पण हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्या महिन्यात पेढी सोडणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

जीप ठरवताना दोन गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात. सकाळचीच फेरी हवी आणि बिबट्यावर दिवा टाकायचा नाही. सफारीचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. शाली, कानटोप्या सोबत असू द्याव्यात. उघड्या जीपमधील वारा फार बोचतो. रणकपूर तेथून सुमारे दीड तासावर आहे, भोजनशाळेत आधी कळवलेले बरे.

वडील यंदाही येणार म्हणतात. गुडघे दुखतात, जीपमध्ये चढताना दोघांना हात द्यावा लागतो. फालन्याची तिकिटे मात्र त्यांनी स्वतःच काढून ठेवली आहेत, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची.